एका टाकीचं खत

भावानं मोटर सुरू केली, नळ्यांमधून पाणी सरसरत निघालं, आणि वाटेकरीण बांधावरून तरातरा खाली उतरून थेट आपल्या नळीच्या कॉकवर जाऊन बसली. खरोखरच बसली. आधी कॉक फिरवून बंद केला, त्यावर चपटा दगड ठेवला आणि दगडावर स्वतः. बाई अंगानं काटकुळी, पण एकदा बसली की बैलजोडी लावूनही हलायची नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"ताई, ऊठ तिथून," भाऊ विहिरीवरून ओरडला.

"तुझी टाकी रिकामी झाली की उठते. मग नुसतं पाणी सोड, ते घेते मी."

"अगं, तुझ्या वाट्याचं खत आहे त्यात. मी माझ्या हातानं घातलंय."

"मग पुढच्या वेळी घालू नकोस. माझ्या उसाला नकोय ते."

भावानं हात कपाळावर मारून घेतला. शेजारच्या रानात खुरपणी करणाऱ्या बायका खुरपी खाली ठेवून बघत होत्या. त्यांना काय, कामाच्या वेळात तमाशा मिळाला तर कोणाला नको असतो.

आता या भांडणाची मुळं जरा उकरून बघितली पाहिजेत. विहिरीच्या काठावर एक निळी टाकी होती. तिच्यात नत्राचं खत विरघळवायचं, टाकीची नळी मोठ्या नळीला जोडायची आणि मोटर सुरू करायची, की पाण्याबरोबर खत थेंबाथेंबानं उसाच्या बुडाशी जातं. विहीर एक, मोटर एक, टाकी एक. वरचं काळंभोर रान भावाचं आणि खालचा चिंचोळा तुकडा बहिणीचा. वरचा कॉक उघडा आणि खालचा बंद असला, की टाकीतलं सगळं वरच्या रानात जाणार. एवढं तर लहान पोरालाही कळतं. पण माणसाला राग आला की जे पोराला कळतं तेही कळेनासं होतं.

वाटेकरीण हे तिचं नाव अर्थातच गावानं पाडलेलं. नवऱ्यामागे ती बापाच्या घरी परत आली, बापाचं अंथरूण-पांघरूण केलं, त्याला भरवलं, धुतलं-पुसलं. जाताना बापानं चार माणसांसमोर सांगितलं की खालचा तुकडा पोरीचा. भावाला ते लागलं. तुकडा गेल्याचं नव्हे, आपल्याला न विचारता गेल्याचं. तो म्हणाला, मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का? ती म्हणाली, मागून मिळते ती भीक, वाटा मागावा लागत नाही. झालं. त्या दिवसापासून गाव तिला वाटेकरीण म्हणायला लागलं, आणि तिनंही ते नाव पदवीसारखं अंगावर चढवून घेतलं.

पण तुकडा तरी कसला. सगळ्या शिवाराचं पाणी झिरपून तिथं उतरायचं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापडी धरायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवली तर खारट लागायची. तिथं गवतसुद्धा दोनदा विचार करून उगवायचं. बापानं दोन-तीनदा ऊस लावून पाहिला होता, तो गुडघाभर होऊन करपला. म्हणून भावानं चार माणसांसमोरच अट घातली. तुकड्याचा कागद अजून त्याच्याच नावावर होता. तो म्हणाला, "ताईनं पहिला ऊस उभा तोडणीला आणला तर मी कागद तिच्या नावावर करतो. नाही आणला तर तुकडा माझ्या रानात मिसळणार आणि ताई माझ्या घरात जेवणार. तिला काही कमी पडू देणार नाही."

शेवटचं वाक्य त्यानं अगदी मनापासून म्हटलं होतं. तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. भावाच्या घरात सुखानं जेवायचं, आणि उरलेला जन्म भावजयीला विचारून चहा करायचा. ती म्हणाली, कबूल.

बेणं तिनं भावाचं घेतलं नाही. भावाचा ऊस जाडा, रसरशीत, मनगटाएवढ्या कांड्यांचा. गाव त्याला 'जाड्या' म्हणायचं. साखर कारखान्याचा एक शेतकी साहेब मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचा. त्यानं तिची माती हातात घेऊन कुस्करली आणि म्हणाला, या जमिनीत जाड्या मरेल, बारक्या लावा. बारक्या म्हणजे बारीक, कडक कांडीचा वाण, खारट जमिनीतही मूळ धरणारा. साहेब बांधावर बसून तिला बराच वेळ सांगत होता, आणि ती मधूनमधून अडवून विचारत होती. जाड्याची भूक मोठी, त्याला इतर वाणांपेक्षा खत जास्तच लागतं आणि तो ते पचवतो. बारक्याचं तसं नाही. त्याला नत्र बेतानं, तेही सुरुवातीला फुटवे येत असताना. बुडाला मातीची भर घालायची मोठी बांधणी झाली की नत्र बंद म्हणजे बंद. नंतर दिलं तर नुसता पाला माजतो, कांडी मऊ पडते, साखर उतरत नाही. त्याला पालाश द्या, म्हणजे कांडी ताठ राहील.

"म्हणजे जाड्या पैलवान, आणि बारक्या टपाल वाटत चालणारा माणूस," ती म्हणाली. "पैलवानाचा खुराक टपालवाल्याला चारला, तर तो झोपून राहील आणि पत्रं तशीच."

साहेब हसून म्हणाला, अगदी तसंच.

तिनं लागणीच्या आधी तुकड्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि कमरेएवढा झाल्यावर फुलोऱ्याच्या तोंडाशी नांगरून गाडला. कारखान्याची कुजलेली मळी आणून पसरली. त्या मळीच्या वासानं गल्लीतली माणसं तिच्या दारावरून जाताना नाक धरायची, आणि ती मुद्दाम त्यांना थांबवून तब्येत विचारायची.

सगळं ठीक चाललं होतं. बांधणीपर्यंत तर ती टाकीतलं खतही घेत होती, फक्त कॉक अर्धाच उघडायची. बांधणी झाल्यावर मात्र ती भावाकडे गेली आणि सरळ सांगितलं, की आता माझ्यापुरतं नत्र बंद. टाकीत माझ्या वाट्याचं घालू नकोस, तुझ्या रानापुरतंच घाल.

भाऊ तेव्हा ओट्यावर बसून चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"ताई, बापानं एक तुकडा दिला. ठीक आहे. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. आता टाकीत किती घालायचं तेही तूच सांगणार का?"

"माझ्या वाट्याचं तेवढं सांगतेय."

"आणि उद्या गाव काय म्हणेल? भावानं बहिणीचं खत मारलं. विहिरीवर दहा माणसं येतात-जातात. मी टाकी दोघांची भरणार. तुझा वाटा दर खेपेला सगळ्यांदेखत टाकीत पडणार. तू घे, नाहीतर नको घेऊस."

"अरे, मी कॉक बंद केला की तो तुझ्याच उसात जाईल. तुझं पोट फुगेल."

"माझ्या जाड्याचं पोट मोठं आहे. तू त्याची काळजी करू नकोस."

असा हा न्याय. आता कोणी म्हणेल, भाऊ मूर्ख होता. मूर्ख नव्हता. प्रामाणिक होता, आणि त्याहून जास्त त्याला प्रामाणिक दिसायचं होतं. बहिणीचा वाटा आपण खाल्ला असं कोणी म्हणू नये म्हणून तो तिचा वाटा वाजत-गाजत टाकीत ओतायचा, आणि तो सगळा त्याच्याच रानात जायचा. दर आठवड्याला टाकी भरली जायची, दर आठवड्याला ती कॉकवर जाऊन बसायची, आणि दर आठवड्याला खुरपणीवाल्या बायकांची करमणूक व्हायची.

दिसायला भाऊच खरा ठरत होता. त्याचा ऊस काळाभोर झाला, पानं दोन-दोन हात लांब, रानात माणूस शिरला तर दिसेना. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. आणि वाटेकरणीचा ऊस मध्येच पिवळा पडला. नुसता पिवळा नव्हे, कोवळी पानं पांढरट, त्यांवर हिरव्या शिरा उठून दिसायच्या. गावात एक माणूस होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. त्यानं चहाच्या दुकानापासून गिरणीपर्यंत बातमी लावून धरली. बाईनं भावावरच्या रागापायी स्वतःचं पीक उपाशी मारलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

वाटेकरीण धास्तावली होती, हे खरं. संध्याकाळी ती सरीत उकिडवी बसून एकेक पान बोटांत धरून बघायची. आपण चुकलो तर? साहेब चुकला असेल तर? कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर गाव म्हणालं असतं, बघा, आली ठिकाणावर. पण पानं खालून पिवळी नव्हती, वरून होती. उपाशी ऊस आधी जुन्या पानांतून पिवळा होतो. हा कोवळ्या पानांत फिका पडला होता. म्हणजे नत्राची भूक नव्हे, तिच्या खारट, चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नव्हतं. तिनं हिराकस, म्हणजे लोहाचं खत, आणलं, शेणखतात मुरवून बुडाशी दिलं, पाण्यात कालवून पानांवर फवारलं. फवारून फवारून बोटं तपकिरी झाली. हळूहळू नवी पानं हिरवी निघायला लागली. रेडिओनं ही बातमी काही दिली नाही.

पण त्याआधी एक घडलं. पानं फिकी असतानाच तिला ताप भरला. ती घरात पांघरूण घेऊन पडलेली, आणि टाकीचा दिवस आला. भावजय तांदळाची पातळ पेज घेऊन आली, आणि तिच्या बोलण्यातून निसटलं की आज हे स्वतः खाली उतरून तुमचा कॉक उघडायला गेलेत, वन्सं. म्हणाले, ताई पडून आहे तोवर तिच्या उसाच्या तोंडात चार घास तरी जाऊ देत.

पेजेची वाटी तशीच राहिली. वाटेकरीण भिंत धरून उठली, पायांत चपला घातल्या आणि निघाली. भावजय मागे धावत होती, वन्सं, चक्कर येईल. आली. दोनदा आली. दोन्ही वेळा ती बांधावर बसली आणि पुन्हा उठली. भाऊ कॉकपाशीच उभा होता. बहिणीला तसं येताना बघून त्याचा चेहरा उतरला.

ती वाकली, कॉक बंद केला आणि तिथंच मातीत बसली.

"ताई, मला बघवत नाही गं," तो म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात रुबाब नव्हता. "पिवळा पडलाय ऊस. लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग, माझा नाही, बहिणीचा आहे. तिला विचारा."

"तुझा हट्ट काही जात नाही. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

"लहानपणी आई दोघांना सारखं दूध द्यायची," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "मला दूध पचायचं नाही. प्यायलं की उलटी व्हायची. तरी आई म्हणायची, पोरीला कमी दिलं असं नको. सारखंच वाढायची. मी अर्धा पेला प्यायचे, उरलेला तू मागून गटकन प्यायचास, आणि संध्याकाळी दोघं पोट धरून बसायचो. आईनं वाढलं सारखं, पण बघितलं नाही कोणाचं पोट कसलं आहे. तूही तेच करतोयस."

भावाला हसू आलं, ते त्यानं दाबलं. तो म्हणाला, "दूध वेगळं, ऊस वेगळा." आणि तिला हाताला धरून घरी घेऊन गेला. ती गेली, पण पुढच्या टाकीच्या दिवशी अंगात कणकण असताना पुन्हा कॉकवर हजर होती. आणि भावानंही टाकी पुन्हा दोघांचीच भरली. ही दोघं एकाच आईची पोरं, हे वेगळं सांगायला नको.

तोडणीचा हंगाम तोंडावर आला आणि पावसानं जाता जाता अंग झटकलं. दिवसभर हवा कोंडलेली, पान हलत नव्हतं. दुपार कलताना पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली, मागोमाग वारा, आणि वाऱ्यामागे आडवा पाऊस. पत्रे उडाले, झाडं मोडली. वाटेकरीण दाराच्या फटीतून खालच्या तुकड्याच्या दिशेनं बघत होती, पण पावसापलीकडे काही दिसत नव्हतं. तिनं देवाला काही मागितलं नाही. ती उसालाच म्हणत होती, उभा राहा रे, उभा राहा.

सकाळी ती चिखल तुडवत गेली. बारक्या उभा होता. वाकला होता, पानं चिरफाळली होती, पण उभा होता. आडव्या पडल्या होत्या त्या फक्त कॉकजवळच्या दोन-तीन ओळी, तापाच्या दिवशी भावाच्या मायेचे चार घास ज्यांच्या तोंडात आधी गेले होते त्या. ती एका उसाला मिठी मारून उभी राहिली. पानांच्या कडांनी गाल कापला, तो संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता.

तेवढ्यात भावजय आली. रडून डोळे लाल. "वन्सं, जरा वर येता? हे बोलतच नाहीत."

वाटेकरीण वर चढली आणि बांधावरच थांबली. जाड्या सगळाच्या सगळा जमिनीवर लोळत होता. एवढा उंच, एवढा मऊ, एवढ्या पाल्याचं ओझं, त्याला वाऱ्याचा एक धक्का पुरला. ऊस उसावर पडला होता, सरी दिसत नव्हती, पाय ठेवायला जागा नव्हती. अति तिथे माती म्हणतात, ती अशी समोर पसरली होती. भाऊ बांधावर गुडघ्यांत मान घालून बसला होता.

असं काही झालं तर आपल्याला आनंद होईल, असं तिला वाटलं होतं. अगदी मनात ठरवूनही ठेवलं होतं काय बोलायचं ते. पण आनंद झाला नाही. नुसतं वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला. ती त्याच्या शेजारी बसली.

"माझाही वाटा खाल्लास," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आणि तो पचला नाही."

काही दिवसांनी तोडणीची टोळी आली. मुकादम रांगडा, कमरेला पंचा गुंडाळलेला, टोळीचा शब्द त्याच्या एकट्याच्या तोंडात. सोबत शेतकी साहेब. मुकादमानं वरचं रान बघून तोंड वाकडं केलं. लोळलेला ऊस तोडायला दुप्पट वेळ, कोयते मातीत बोथट होतात, माणसं वैतागतात. तो म्हणाला, आम्ही उभा ऊस आधी घेतो. खालचा तुकडा आज धरू, मग पलीकडच्या गावात जाऊ, आणि हा परतीच्या फेरीत बघू.

परतीची फेरी म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. जमिनीला टेकलेल्या कांड्यांना आताच मुळ्या सुटल्या होत्या, डोळे फुटायला लागले होते. उंदरांनी बिळं केली होती. परतीच्या फेरीपर्यंत त्यात रस नव्हे, पाणी राहिलं असतं. मुकादमाला विनवायची भावाला लाज वाटली.

सगळे खालच्या तुकड्यात उतरले. रेडिओही आलाच होता. मुकादमानं एक ऊस बुडातून तोडून सोलला, चावला आणि मान डोलावली. साहेबानं रसाचा थेंब आपल्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रात घालून बघितला आणि म्हणाला, या शिवारात एवढी साखर मी यंदा पाहिली नाही. रेडिओ म्हणाला, बुटका होता म्हणून वाऱ्यातून वाचला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"ऊस कोणाचा?" मुकादमानं भावाला विचारलं. कागद भावाच्या नावावर, विहीर भावाची, तेव्हा विचारणार त्यालाच.

वाटेकरीण कमरेवर हात ठेवून उभी होती. ती भावाकडे बघत राहिली.

"तिचा," भाऊ म्हणाला. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, "ऊस बहिणीचा आहे. तुकडाही तिचाच आहे. कागद या आठवड्यात तिच्या नावावर होईल. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"मग चला," मुकादम म्हणाला आणि टोळीला हात केला. माणसांनी कोयते उचलले.

"थांबा," वाटेकरीण म्हणाली.

ती पुढे झाली आणि पहिल्या सरीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. मुकादमाला वाटलं, बाई मुहूर्त-बिहूर्त काढणार. तिनं हातानं वरच्या रानाकडे दाखवलं.

"आधी तो तोडा."

"बाई, तो लोळलाय. तुमचा उभा आहे."

"म्हणूनच. माझा थांबू शकतो, त्याचा थांबू शकत नाही."

"आम्हाला ते परवडत नाही. टोळीचं मी ठरवतो."

"टोळीचं तुम्ही ठरवा. ऊस माझा आहे, त्याला कोयता कधी लावायचा ते मी ठरवणार. वरचं रान साफ होईपर्यंत इथल्या एका कांडीला हात लागायचा नाही. नको असेल तर जा पलीकडच्या गावात, मला दुसरी टोळी मिळेल. असा ऊस तुम्हाला मिळतो का बघा."

मुकादमानं साहेबाकडे बघितलं. साहेबानं खांदे उडवले. म्हणाला, मालकीण सांगते तसं.

"ताई, उपकार नकोत मला," भाऊ हळूच म्हणाला.

"उपकार कोण करतंय?" ती म्हणाली. "इतकी वर्षं या घरात कोणाचं आधी आणि कोणाचं मागून हे दुसरेच ठरवायचे. आज पहिल्यांदा मी ठरवतेय. मध्ये बोलू नकोस."

मुकादमानं कपाळ खाजवलं. मग त्यानं एक शिवी वाऱ्याला दिली, टोळीला वर चलायची खूण केली आणि माणसं कुरकुरत बांध चढायला लागली. भाऊ त्यांच्यामागे गेला. रानाच्या कडेला त्यानं एकाचा जादा कोयता मागून घेतला आणि सगळ्यांच्या आधी त्या गुंत्यात शिरला.

वाटेकरीण एकटी खाली राहिली. वारा पुन्हा सुटला होता आणि बारक्याची पानं एकमेकांवर घासत होती. अजून बरेच दिवस तिला हा ऊस राखायचा होता, आणि ढगांचं काय सांगावं. तिनं सरीतलं पाचट जरा सारखं केलं, बसायला जागा केली आणि राखणीला बसली.